गुरुवारी दुपारी दोनपर्यंत

जानेवारी लागला की आमच्या घरात माणसांच्या किमती ठरायला लागतात. मुलगा आणि त्याचे मित्र ठरवतात, मी चहा गाळता गाळता ऐकते आणि शेवटी न राहवून मध्ये तोंड घालते. "ह्याला चौदा मिलियन, दोन वर्षं शिल्लक. सोबत सेकंड राउंडचा एक पिक दिला तर सुटेल." या दिवसांत कोण कसा खेळतो, कोणाचा नेम कुठून लागतो, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सगळे कारकून झालेले असतात.

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिथल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची (म्हणजे ट्रेडची) मुदत फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संपते. न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे तीन, आमच्या डॅलसमध्ये दोन. (पुण्यात तेव्हा रात्रीचा दीड. माझा भाचा इमानेइतबारे जागतो आणि शुक्रवारी ऑफिसात काय दिवे लावतो ते त्यालाच ठाऊक.) दोन वाजले की खेळ खलास, मग सीझन संपेपर्यंत अदलाबदल बंद. त्यामुळे त्याआधीचे तीन-चार आठवडे गावभर एकच विषय. केस कापणारा विचारतो, मीटिंग सुरू व्हायच्या आधी बॉस विचारतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा तेच; आत बायका वाण लुटत असतात आणि बाहेर सोफ्यावर नवरेमंडळी लॉस एंजेलिसच्या लेकर्सना लुटत असतात. मी वाण घेऊन हळूच बाहेर येते. तिथं जास्त रंगलेलं असतं.

आता हे प्रकरण 'तुझा दे, माझा घे' इतकं सोपं असतं तर एवढी चर्चा झालीच नसती. मजा आहे ती पगार जुळवण्यात. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला लीगने मर्यादा घातली आहे. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती. बहुतेक संघ ती केव्हाच ओलांडून बसलेले असतात, आणि ओलांडली की जेवढ्या पगाराचा माणूस आणायचा साधारण तेवढ्याच पगाराची माणसं द्यावी लागतात. त्याच्याही वर आणखी रेषा आहेत. सगळ्यांत वरची रेषा, जिला 'सेकंड अ‍ॅप्रन' म्हणतात, त्या वर्षी १८ कोटी ८९ लाखांवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. बाकीच्यांनी मग 'फिलर' शोधायचे, म्हणजे पगार भरून काढण्यापुरती माणसं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्या माणसांच्या आयांची दया आली होती. आता मीही सर्रास वापरते.

हे सगळं पडताळायला ईएसपीएनचं 'ट्रेड मशीन' आहे. वेबसाइटच आहे ती, पण नाव मशीन. दोन, तीन, चार संघ निवडायचे, खेळाडू इकडचे तिकडे करायचे आणि बटण दाबायचं. नियमात बसलं तर पसंती, नाही तर नापास, आणि किती लाखांनी हुकलं तेही कळतं. आमच्या घरात गणिताच्या गृहपाठाला बसायला तीन हाका माराव्या लागतात. इथं रात्री साडेबाराला पोरगा सव्वापटीचे हिशेब तोंडी करत असतो.

पिकचंही असंच. येत्या वर्षांत ड्राफ्टमधून, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, नवा खेळाडू निवडण्याचा हक्क म्हणजे पिक, आणि तो सात वर्षं पुढचासुद्धा विकता येतो. पण सलग दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन टाकता येत नाहीत. हा नियम क्लीव्हलँड संघाच्या एका मालकाची पुण्याई. टेड स्टेपियन यांनी १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पहिल्या फेरीचे पिक असे काही उधळले की लीगलाच मध्ये पडावं लागलं. आजही लोक 'स्टेपियन रूल आडवा येतोय' म्हणतात. वंशाला दिवा मिळो न मिळो, असं नाव मात्र मागे राहू नये.

खरी करमणूक सुरू होते ती आपापल्या माणसांच्या कौतुकाने. एखाद्या मावशीने स्थळ सुचवावं, तसा प्रत्येक जण आपला खेळाडू समोर करत असतो. बेंचवरून उठत नाही? "मुलगा शांत आहे, पण गुण आहेत, जरा संधी मिळायला हवी." गुडघ्याचं ऑपरेशन झालंय? "ते मागेच झालं, आता ठणठणीत आहे." वय झालंय? "समंजस आहे हो, तरुणांना वळण लावेल." आणि समोरच्याच्या हिऱ्यात हजार खोटी. आपले तीन सामान्य देऊन त्यांचा एक असामान्य आणायचा, हा तर प्रत्येक चाहत्याचा ठरलेला प्रस्ताव. समोरचा संघ ते तीन ठेवणार कुठे? पंधराच जागा असतात, तिघांना घ्यायला आधी दोघांना घरी पाठवावं लागेल. पण ती त्यांची डोकेदुखी. आपण कशाला विचार करायचा?

मागे सासरे सांगलीहून राहायला आले होते. चार दिवस त्यांनी हे सगळं मुकाट्याने ऐकलं. पाचव्या दिवशी चष्मा पुसत नातवाला म्हणाले, "काय रे, पण त्या पोराला विचारतात का?"

"नाही, आजोबा."

"त्याच्या बायकोला?"

नातू हसला. पण बाबांचा प्रश्न रास्त होता. ते आयपीएलवाले. हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला आला तेव्हा वानखेडेवर लोकांनी त्याची हुर्यो उडवली हे त्यांना पाठ होतं, पण तिथं ट्रेडला खेळाडूचा होकार लागतो. इथं करार संघाकडे असतो आणि करारासोबत माणूस जातो. 'मला विचारल्याशिवाय पाठवायचं नाही' असं करारात लिहून घ्यायचं तर लीगमध्ये आठ वर्षं काढलेली हवीत, त्यातली चार त्याच संघात. तेवढं करूनही हे कलम मोजक्यांच्याच नशिबी येतं.

मी बाबांना हॅरिसन बार्न्सची गोष्ट सांगितली. ६ फेब्रुवारी २०१९. आमच्याच अमेरिकन एअरलाइन्स सेंटरमध्ये डॅलसचा शार्लटशी सामना चालू होता, बार्न्स खेळत होता, आणि सामना चालू असतानाच त्याला सॅक्रामेंटोला दिल्याची बातमी आली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला बाहेर घेतलं. कोणीही उठून गेलं असतं. हा बेंचवरच बसून राहिला, जुन्या संघाच्या कपड्यांत, जुन्या सोबत्यांच्या रांगेत, शेवटपर्यंत. हजारो लोकांना फोनवर कळलेलं होतं की हा आता आपला नाही, आणि तो समोर बसलेला दिसत होता. बाबा एवढंच म्हणाले, "संस्कार."

त्याहून अवघड प्रसंग मला डाल्टन क्नेक्टचा वाटतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सनी या नवख्या पोराला शार्लटला देऊन मार्क विल्यम्स घेतला. दोन दिवसांत विल्यम्स वैद्यकीय तपासणीत नापास ठरला आणि सगळा व्यवहार रद्द. म्हणजे ज्या ऑफिसने तुला काढून दिलं, त्याच ऑफिसात सोमवारी जाऊन गुड मॉर्निंग म्हणायचं. त्याच आठवड्यात डेनिस श्रोडर, जो डिसेंबरमध्येच ब्रुकलिनहून गोल्डन स्टेटला आला होता, कागदोपत्री युटाला आणि तिथून डेट्रॉइटला गेला. ही आधुनिक गुलामगिरी आहे, असं तो बोलून गेला. कोट्यवधी घेणाऱ्याच्या तोंडी हा शब्द शोभत नाही, हे माझं मत कायम आहे. पण दोन महिन्यांत पोरांच्या दोन शाळा शोधायच्या, हे काम पैशाने संपत नाही. इकडे एच-वन व्हिसावर आलेल्या आमच्यासारख्यांना ते सांगायला नको.

एवढं कळूनही आम्ही थांबतो का? छे. आणि डॅलसच्या माणसाने थांबावं तरी का, आमचं सगळं चांगलं ट्रेडमधूनच तर आलं. डर्क नोविट्स्कीला १९९८ मध्ये निवडला होता मिलवॉकीने. तो ड्राफ्टच्या रात्रीच आमच्याकडे आला, एकवीस सीझन इथंच खेळला आणि २०११ ची ट्रॉफी देऊन गेला. लुका डॉन्चिचला २०१८ मध्ये अटलांटाने निवडलं आणि ट्रे यंगच्या बदल्यात आम्हाला दिलं. २०२४ च्या मुदतीला गॅफर्ड आणि पी. जे. वॉशिंग्टन आले आणि त्याच जूनमध्ये आम्ही फायनलला होतो. बॉस्टनने १–४ असं धुतलं, पण ते सोडा.

या सगळ्या कारकुनीत एक नियम मात्र कोणी न लिहिता पाळला जायचा. मशीनवर लुकाला हात लावायचा नाही. पंचवीस वर्षांचा पोरगा, लागोपाठ पाच वर्षं लीगच्या पहिल्या पाचांत. बाकी कोणीही द्या. मुलाचा एक मित्र, जो मित्राच्या पाठीमागे त्याचे बूटही विकेल, तोसुद्धा लुकाचं नाव कधी सरकवत नसे.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार. रात्री सव्वाअकराच्या सुमारास मुलगा जिन्यावरून ओरडला, "आई, शम्सचं अकाउंट हॅक झालंय!"

शम्स चरानिया म्हणजे या जगातला बातमीदार. त्याने लिहिलं की ते झालं. त्याने लिहिलं होतं, लुका लेकर्सकडे, अँथनी डेव्हिस डॅलसकडे. त्या रात्री अर्ध्या देशाला आधी हॅकिंगचाच संशय आला. त्याने पुन्हा लिहून खरं असल्याचं सांगितलं तरी पटेना. आमच्या गल्लीत समोरच्या घराचे दिवे लागले, मग शेजारचे. पुण्याहून भाच्याचा फोन. तिकडे रविवारची सकाळ, पोहे ताटात तसेच. "मामी, हे काय केलं तुम्ही?" जणू मीच सही केली होती.

लोक चिडले ते प्रेमापोटी, हे खरंच आहे. पण त्याहून जास्त चिडला तो प्रत्येकातला कारकून. पगार तर जवळजवळ सारखेच, दोघांनाही चार कोटी तीस लाखांच्या आसपास. मशीनने खुशाल पसंती दिली असती. पण मोबदला? डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीचा फक्त एक पिक, तोही २०२९ चा. आदल्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कने मिकाल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीचे पाच पिक मोजले होते, आणि तो कधी ऑल-स्टार सामन्यालाही निवडला गेला नव्हता! बाजारात चार ठिकाणी विचारलं तरी होतं का? नव्हतं. आमचे तेव्हाचे जनरल मॅनेजर निको हॅरिसन आणि लेकर्सचे रॉब पेलिंका यांनी कॉफीवर विषय काढला आणि आपसात मिटवून टाकला. हॅरिसन म्हणाले, बचावाने ट्रॉफ्या जिंकता येतात. माझ्या मुलाचा सवाल साधा होता, "अगं, निदान बोली तरी लावायची!"

दुसऱ्या दिवशी लोक स्टेडियमबाहेर डर्कच्या पुतळ्यापाशी जमले. त्या पुतळ्यावर निष्ठा कधी विरत नाही अशा अर्थाचं वाक्य कोरलेलं आहे. कोणी फुलं आणली, कोणी चक्क शवपेटी. पुढची कर्मकथा थोडक्यात सांगते. डेव्हिस पहिल्याच सामन्यात २६ गुण, १६ रिबाउंड असा खेळला आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये जायबंदी झाला. मार्चमध्ये आमच्या कायरी अर्विंगचा गुडघा गेला. एप्रिलमध्ये लुका पाहुणा म्हणून आला, आधी स्क्रीनवर स्वतःचा व्हिडिओ पाहून रडला आणि मग ४५ गुण ठोकून गेला. निकोला काढा, निकोला काढा, हा घोष सीझनभर चालला, आणि नोव्हेंबरमध्ये खरंच काढलं.

मला राहून राहून वाटतं, हॅरिसनना आमच्या सोफ्यावर एक संध्याकाळ बसवायला हवं होतं. तिथं मूर्ख प्रस्तावांची कमी नाही, पण प्रत्येक प्रस्ताव चार जणांच्या शिव्या खाऊन पुढे सरकतो. "एकच पिक? डोकं ठिकाणावर आहे का?" एवढं विचारायला तरी कोणी असतं. अर्थात आमच्याही शहाणपणाला फार भाव देऊ नये. २०१८ मध्ये टोरांटोने लाडक्या डेरोझनला सॅन अँटोनिओला धाडलं तेव्हा तिथले सोफेही असेच भडकले होते. वर्षभरात, बदल्यात आलेल्या कवाय लेनर्डने त्यांना ट्रॉफी आणून दिली आणि सगळे मिरवणुकीत नाचले. आम्ही व्यवहार मांडतो बेधडक, कारण रात्री अकराला फोन करून 'बाबा रे, सामान बांध' असं कोणाला सांगायची वेळ आमच्यावर येत नाही.

निकोला काढण्याआधीच, मे महिन्यात, ड्राफ्टची लॉटरी, म्हणजे कोणी आधी निवडायचं याची सोडत, निघाली होती. पहिला नंबर आमचा लागण्याची शक्यता १.८ टक्के. लागला! म्हणजे नव्या पोरांतला सगळ्यांत गाजलेला कूपर फ्लॅग आमचा, अठरा वर्षांचा. मुलाचे सगळे मित्र आमच्या दिवाणखान्यात, पिझ्झाचे डबे पसरलेले, आरडाओरडा. सगळ्यांनी शपथ घेतली की ह्याला कधीही, कोणत्याही किमतीला विकायचं नाही.

अर्ध्या तासाने मी रिकामे डबे उचलायला गेले तर लॅपटॉप उघडा होता. पलीकडे मिलवॉकीचा जिआनिस, अलीकडे आमचा ताजा पहिला पिक.

"सहज बघतोय गं आई."

"जिआनिसचा पगार पाच कोटींच्या घरात आहे," मी डबे खाली ठेवत म्हटलं. "नुसता पिक टाकून जुळणार नाही, आणखी दोघं तरी लागतील. सरक जरा."