काकांची फ्लॉपी

अमेरिकेतल्या फ्रीमाँटला जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून मी पोट भरतो. गिऱ्हाईक बहुतेक संग्राहक, बोलणं सगळं इंग्रजीत. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या काकांनी १९८४ चा पहिला मॅकिंटॉश काउंटरवर ठेवून "चालू होईल का रे हा?" असं विचारलं, तेव्हा मी हातातला सोल्डर गन खालीच ठेवला.

मशीनशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हवी होती फ्लॉपी. तिच्यात गणपतीचं आमंत्रण होतं, पहिल्या वर्षीचं. मुलाने यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणून बघितला, पण काही उपयोग झाला नाही. होणार कसा? त्या ४०० केबीच्या फ्लॉपीवर माहिती गोल ट्रॅकवर, सेक्टर नावाच्या तुकड्यांत असते: बाहेरच्या ट्रॅकवर १२ सेक्टर, आतल्यावर ८. ट्रॅकप्रमाणे मोटारीचा वेग बदलावा लागतो आणि यूएसबीचा ड्राइव्ह एकाच वेगात फिरतो. म्हणजे मशीन जिवंत करणं आलंच.

पाठ उघडायला लांब दांड्याचा टॉर्क्स, म्हणजे चांदणीसारख्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर, लागतो. दोन स्क्रू हँडलच्या खोबणीत खोल, एक बॅटरीच्या झाकणामागे. आतल्या भिंतीवर ते मशीन घडवणाऱ्यांच्या सह्या साच्यातूनच उमटलेल्या. त्या काकांनी चाळीस वर्षांत पाहिल्याच नव्हत्या. पिक्चर ट्यूबचा चार्ज आधी उतरवला. तिथे घाई करणाऱ्याला मी दुकानात ठेवत नाही.

बटण दाबलं तर पडद्याच्या मधोमध एकच उभी पांढरी रेघ. हा आजार ओळखीचा. पडद्यावरचा किरण आडवा-उभा फिरवणाऱ्या डिफ्लेक्शन कॉइलच्या कनेक्टरचं सोल्डर वयोमानाने तडकतं. भिंगाखाली पिनेभोवती केसाएवढं वर्तुळ दिसतं. ते पुन्हा सोल्डर केलं. ड्राइव्हमधलं ग्रीस गुळाच्या ढेपेसारखं घट्ट झालं होतं, तेही काढलं. नाहीतर फ्लॉपी आत जाईल आणि बाहेर यायचं नाव घेणार नाही. बाहेर काढायचं बटणच नाही तिथे.

माझी सिस्टिम डिस्क घातली. पडद्यावर हसरा चेहरा आला, म्हणजे मशीन सुरू झालं. मग मॅकपेंट हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम, मग काकांची फाइल.

देवनागरी फॉन्ट नव्हताच. काकांनी फॅटबिट्समध्ये, म्हणजे चित्र मोठं करून दाखवणाऱ्या सोयीत, एकेक ठिपका भरून अक्षरं काढली होती. शिरोरेषा शिफ्ट दाबून सरळ ओढलेली. 'सहकुटुंब सहपरिवार' मधला प्रत्येक स हुबेहूब सारखा, कारण एकदा काढून लॅसोने, म्हणजे भोवती रेघ ओढून निवडायच्या साधनाने, उचललेला. ळ मात्र दर वेळी निराळा.

"ळ काढायला मजा यायची," काका म्हणाले. "ही फोनवर टिचक्या मारणारी पोरं काय..."

पानाचा तुकडाच एका वेळी पडद्यावर मावतो, म्हणून सरकवत सरकवत मी फोटो घेतले. तेवढ्यात काकांनी माऊस हातात घेतला.

"तारीख बदलतो. यंदा हेच पाठवू."

"काका, थांबा! आधी कॉपी काढू."

ड्राइव्ह एक, मेमरी १२८ केबी. मशीन सारखं दुसरी फ्लॉपी मागत राहिलं. काका अदलाबदल करत राहिले आणि त्या वर्षी वर्गणी कोणी कोणी बुडवली, ते मला नावानिशी सांगत बसले.