मुंबई ते गोवा, शिडाच्या यॉटने: सुरक्षा साधनांची पारख

डिसेंबरमध्ये मित्राच्या चाळीस फुटी यॉटने मुंबईहून गोव्याला जायचे ठरले, तेव्हा आम्हा चौघांत कामे वाटली गेली आणि सुरक्षा साधने माझ्या वाट्याला आली. अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे, किनारा फारसा नजरेआड होत नाही आणि या दिवसांत पहाटे मतलई वारा व दुपारनंतर वायव्येचा खारा वारा हा क्रम सहसा मोडत नाही. त्यामुळे ‘एवढे काय तपासायचे?’ असे मित्राला वाटणे स्वाभाविक होते. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी मी सगळे सामान कॉकपिटमध्ये मांडले. रात्री, ओल्या हातांनी, आमच्यातल्या सर्वांत नवख्या माणसाला ही वस्तू वापरता येईल का, एवढ्याच कसोटीवर मला ती पारखायची होती.

पहिली पाळी लाइफजॅकेटांची होती. आपोआप फुगणारी, १५० न्यूटन उत्प्लावकतेची (माणसाला पाण्यावर तरंगत ठेवण्याच्या ताकदीची) अशी सहा जॅकेटे होती आणि ती त्याच वर्षी तपासल्याची दुरुस्ती केंद्राची चिठ्ठी प्रत्येकावर होती. पण आतले आवरण उघडून पाहिले, तर एका जॅकेटची वायूची नळकांडी नुसत्या बोटांनी दोन आटे फिरली. नळकांडी घट्ट बसलेली नसेल, तर तिचे तोंड फोडणारी सुई तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि जॅकेट अंगावर असूनही माणूस बुडतो. नळकांडीवर तिचे एकूण वजन कोरलेले असते. आतल्या ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडपैकी काही गळून गेला आहे का, हे घरातल्या स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावरही कळते, आणि मी ते तसेच केले. आतली छोटी चिप भिजून विरघळली की फुगणाऱ्या जॅकेटांविषयी मला आपल्या किनाऱ्यावर विशेष शंका वाटते, कारण कोकणातल्या दमट हवेत कपाटात पडल्या पडल्याही ती चिप मऊ पडू शकते. पाण्याच्या दाबाने उघडणारा प्रकार महाग असतो, पण नाळेवर, म्हणजे यॉटच्या पुढच्या टोकावर, जाऊन शीड बदलणाऱ्या माणसाच्या अंगावर लाटांचे पाणी सतत उडत असते. त्याच्यासाठी मी तोच घेईन. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा मात्र प्रत्येक जॅकेटला हवाच, कारण तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकते आणि तोंड खालीच राहते.

पहिल्या रात्री दाभोळच्या बाहेर मासेमारीच्या जाळ्यांचे दिवे चहूकडे लुकलुकत होते आणि काही जाळ्यांना तर दिवेच नव्हते. तांडेल लोक आपली जाळी ओळखतात, आम्हाला मात्र ती यॉटच्या इंजिनाच्या पंख्यात अडकेपर्यंत कळली नसती. म्हणून दाते असलेली धारदार सुरी आणि पाण्याखाली पाहायचा चष्मा मी कॉकपिटमध्ये हाताशी ठेवला होता. डेकवर जाणारा प्रत्येक जण नाळेपासून मागपर्यंत ताणलेल्या पट्ट्याला आपली सुरक्षा दोरी अडकवूनच जात होता. त्या दोरीचा हुक कुठे अडकतो, यावर मी रात्रभर नजर ठेवून होतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर जगप्रदक्षिणा शर्यतीतला एक खलाशी दक्षिण महासागरात यॉटवरून पडला. त्याच्या दोरीचा हुक डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटीखाली अडकला, आडव्या ताणाने वाकला आणि सुटला. हुक सरळ ताणाला भक्कम होता, पण आडव्या ताणाला नव्हता. तेव्हापासून दोरी विकत घेताना मी तिची ताकद विचारतो, आणि आमच्या डेकवर ती कोणत्या कोनातून ओढली जाईल हे जागेवर जाऊन पाहतो.

जयगडच्या बाहेर वारा बेताचा असताना आम्ही माणूस पाण्यात पडल्याचा सराव केला. फेंडरला, म्हणजे यॉटची कड धक्क्यावर घासू नये म्हणून लावायच्या फुगीर गादीला, बादली बांधून ती पाण्यात टाकली. दीड-दोन फुटी लाटांत ती नारळाएवढी दिसत होती आणि एका माणसाने तिच्याकडे सतत बोट दाखवत राहणे किती आवश्यक आहे, हे सांगायची गरजच उरली नाही. पहिल्या खेपेला तिच्यापर्यंत पोहोचायला आम्हाला सात मिनिटे लागली, तिसऱ्या खेपेला तीन. पण पोहोचणे सोपे निघाले आणि उचलणे अवघड. भिजलेल्या माणसाला यॉटच्या उंच कडेवरून दोघांनीही ओढता येत नाही. शीड चढवायची दोरी गळपट्ट्याला, म्हणजे पाण्यातल्या माणसाच्या काखांखालून घ्यायच्या पट्ट्याला, लावून विंचवर (दोर ओढायच्या हातरहाटावर) गुंडाळली, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत हलक्या व्यक्तीने, पंचावन्न किलोच्या मैत्रिणीने, मला एकटीने पाण्यातून वर घेतले. हा गळपट्टा दिसायला सामान्य आहे. या यॉटवरच्या सगळ्या साधनांत मी त्याला पहिला मान देतो.

जीवनतराफ्याने मात्र माझी निराशा केली. तो उत्तम होता, तपासणीची मुदतही शिल्लक होती, पण ठेवला होता जादा शिडांच्या खाली. तो काढायला दोघांना चार मिनिटे लागली. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतील वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. खलाशांनी सोडून दिलेल्या २४ यॉटपैकी फक्त पाच बुडाल्या; बाकीच्या नंतर परत मिळाल्या. यॉट पायाखालून खरोखर जात असल्याशिवाय तराफ्यात उतरू नये, ही समज त्या अनुभवातून पक्की झाली. पण आग लागली तर थांबायला वेळ मिळत नाही, आणि तेव्हा चार मिनिटे फार होतात. विजयदुर्गच्या खाडीत नांगर टाकल्यावर आम्ही तराफा वर आणून कॉकपिटच्या मागे बांधला.

तिथेच बिकन तपासला. ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संकट संदेश देणारे हे उपकरण मित्राने जुने घेतले होते आणि त्याची नोंद अजून आधीच्या मालकाच्या नावावर होती. संदेश गेला असता, तर शोधकर्त्यांनी पहिला फोन एका अनोळखी माणसाला केला असता! त्याच संध्याकाळी नवीन नोंदणीचा अर्ज भरला. परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे आपल्याकडे गुन्हा असल्याने बिकनचे आणि व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या, संकटहाकेच्या चॅनलचे महत्त्व इथे आणखी वाढते. बिकन आम्ही केबिनच्या जिन्याशेजारी, आडव्या पडलेल्या माणसाचाही हात पोहोचेल अशा उंचीवर बसवला. ही उंची ठरवताना माझ्या डोळ्यांपुढे एकट्याने शिडाच्या यॉटने जगप्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात त्यांची यॉट ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसल्याने त्यांना उठताही येईना. दुसरा उपग्रह फोन आणि हातातला रेडिओ आपत्कालीन पिशवीत होते, पण ते त्या पिशवीपर्यंत पोहोचू शकत नव्हते. फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’ने तीन दिवसांनी त्यांना वाचवले.

मालवणला शेवटचा मुक्काम होता. संध्याकाळी सहाही जॅकेटे तोंडाने फुगवून केबिनमध्ये टांगून ठेवली. सकाळी पाच ताठ होती, एक खाली लोंबत होते. नळकांडी सैल असलेलेच ते जॅकेट. मित्राने ते बराच वेळ हातात धरले, मग सुरी मागितली आणि पुन्हा कोणी चुकूनही अंगावर घेऊ नये म्हणून त्याचे सगळे पट्टे कापून टाकले.