काल्मनचं पुस्तक आणि टेबलावरची पिशवी

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. त्याआधी आमचा विशेषांक बाहेर पडायला हवा, असं संपादकांनी ठरवलं होतं. शनिवारी संध्याकाळी सहाला पानं छापखान्यात द्यायची होती. सकाळी दहालाच पानांच्या मांडणीचं माझं काम जवळपास संपलं होतं, आणि अंकाची मधली पानं, सोळा आणि सतरा, मला मनापासून आवडली होती.

डावीकडे पानाच्या कडांना भिडलेला फोटो. मावळतीचं केशरी आकाश, उसाची काळी रांग, डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती आकृती. फोटो विकत घेतलेला होता आणि काळोख मी आणखी गडद केला होता. उजवीकडे बीडच्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरचा लेख. मथळा होता ‘उसाच्या फडातलं उद्ध्वस्त मातृत्व’. तो खास सुलेखन करून घेतला होता.

अकराच्या सुमारास बीडहून दोघी आल्या. एक संघटनेच्या कार्यकर्त्या आणि दुसरी स्वतः तोडीला जाणारी, चाळिशीच्या अलीकडची. लेखातली मोठी मुलाखत तिची होती, नाव बदललेलं. छापण्याआधी सगळं तिला वाचून दाखवायचं, असा शब्द दिलेला होता. मी वाचत गेले. उचलीची रक्कम चुकली होती, ती तिने दुरुस्त केली. बाकी ‘बरोबर हाय’ म्हणाली. मग पडद्यावरच्या फोटोकडे बघत राहिली.

“ही कोण हाय?”

“तोडणारी बाई. तुमच्यासारखी.”

“दिवस बुडताना मोळ्या? आवं ताई, पहाटं चारला फडात आसतो आम्ही, अंधारात. गाडी रातच्याला आली की रातच्याला भरायची.” ती थोडी थांबली. “आन् ही किती ताठ चालली बघा. पिशवी काढल्यापासून मला मोळी घेऊन असं उभंच राहता येत नाही.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चुकीचा आकडा जसा दुरुस्त केला, तसाच तिने फोटोही दुरुस्त केला. त्या दोघी चहाला गेल्या आणि मी त्या पानांसमोर बसून राहिले.

माझ्या टेबलामागच्या फळीवर एक जाडजूड पुस्तक आहे. ‘टिबोर काल्मन: पर्व्हर्स ऑप्टिमिस्ट’, म्हणजे वाकड्यात शिरूनही आशा न सोडणारा. पीटर हॉल आणि मायकल बेरुट यांनी संपादित केलेलं हे पुस्तक 1998 मध्ये आलं. न्यू यॉर्कचा ग्राफिक डिझायनर काल्मन, त्याच्या साऱ्या कामाचा आढावा आहे तो, आणि पुढच्याच वर्षी, 2 मे 1999 रोजी, कर्करोगाने तो गेला. वय 49. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला हे पुस्तक मिळालं, त्याला पुष्कळ वर्षं झाली. इतकी वर्षं मी ते युक्त्या शोधायला उघडत आले. टॉकिंग हेड्स या रॉक बँडच्या रेकॉर्डवर उलटी छापलेली ‘ए’ अक्षरं, फक्त दहा, एक आणि चार हेच आकडे असलेलं घड्याळ, बाहेरून काळी पण आतून निळ्या आकाशाची छत्री. पान अडलं की उघडायचं, काहीतरी सुचतंच.

त्या दिवशी मी ते उघडलं तेव्हा युक्त्या डोळ्यांत भरल्या नाहीत. हा माणूस चित्रकलेच्या शाळेत कधी शिकला नव्हता, हेच पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं. बुडापेस्टमध्ये जन्म, 1956 च्या उठावानंतर आईवडिलांबरोबर अमेरिकेत. न्यू यॉर्क विद्यापीठात पत्रकारितेला गेला, तेही अर्धवट सोडलं आणि व्हेन्सेरेमोस ब्रिगेड या अमेरिकी तरुणांच्या स्वयंसेवी तुकडीबरोबर क्युबात शेतात राबायला गेला. 1969 मध्ये सुरू झालेल्या त्या तुकड्या मुळात तिथल्या ऊसतोडीला हातभार लावायला निघाल्या होत्या. माझ्या पडद्यावर ऊस असताना हे आठवावं, याने मला आत कुठेतरी टोचलं.

पुढे न्यू यॉर्कमध्ये त्याची डिझाइन संस्था, एम अँड कंपनी, नावारूपाला आली. नावातला एम म्हणजे मायरा, त्याची बायको. नाताळला ग्राहकांना भेटवस्तू पाठवायची तिथे रीत होती. 1990 मध्ये त्याने पुठ्ठ्याचं एक साधं खोकं पाठवलं. आत सँडविच, बिस्किटं, चॉकलेट. बेघरांच्या निवाऱ्यात जेवण म्हणून जे मिळतं, तेच. तुम्ही बेघरांसाठी द्याल तेवढे पैसे आम्हीही घालू, असा त्यामागे वायदा. त्या खोक्यावर त्याला काहीही नक्षी करता आली असती. त्याने जेवण आहे तसं समोर ठेवलं.

मग ‘कलर्स’. 1991 मध्ये सुरू झालेल्या या मासिकाचे पहिले 13 अंक त्याने संपादित केले. पैसा बेनेटनचा, म्हणजे स्वेटर विकणाऱ्या कंपनीचा. हे मला आजही खुपतं आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. पण पानं बघितली की थबकायला होतं. 1993 च्या वंशभेदावरच्या अंकात इंग्लंडची राणी काळी आहे, पोप आशियाई चेहऱ्याचे आहेत, कृष्णवर्णीय चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली गोरा आहे. 1994 च्या एड्सवरच्या अंकात अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या चेहऱ्यावर त्या आजाराचे डाग आहेत आणि शेजारी एक काल्पनिक मृत्युलेख, त्यांनी या साथीशी वेळीच लढा दिला म्हणून गौरव करणारा. तेराव्या, त्याच्या शेवटच्या अंकात तर शब्दच नाहीत, नुसती छायाचित्रं.

राणीचं पान बघताना त्या दिवशी एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. त्याने चेहरे बदलले ते सत्तेतल्या, जगाने ओळखलेल्या माणसांचे. बघणाऱ्याला बदल झालाय हे कळतं, त्यावरच ते चित्र उभं आहे. मीही फोटो बदलला होता, पण जिला कुणी ओळखत नाही अशा बाईचा. तिचा चेहरा मी काळोखात बुडवला, तिची पाठ ताठ ठेवली, पहाटेची संध्याकाळ केली, आणि वाचकाला काहीच कळणार नव्हतं.

साडेबारा वाजले होते. मी बाहेर जाऊन तिला विचारलं, “ऑपरेशनचे कागद आहेत का तुमच्याकडे?” तिने मांडीवरची प्लॅस्टिकची पिशवी उघडली. कापडाच्या दुकानाची, बंद झिजलेले, तोंडाला गाठ. आत सोनोग्राफीचा कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, बिल, आणि घडी करकरून फाटायला आलेला हिशेबाचा एक कागद. त्यावर मुकादमाच्या हातचं लिहिलेलं: खाडा, खाडा, खाडा. ऑपरेशननंतर पडून राहिलेल्या दिवसांचा दंड.

“पिशवी काढली आणि पिशवीत कागद आले,” ती म्हणाली.

मथळा तिथेच मिळाला. ‘पिशवी’. बायका हाच शब्द बोलतात, डॉक्टरही त्यांच्याशी हाच बोलतात. आमच्या लेखात तो एकदाही नव्हता.

खिडकीपाशी पांढरा कार्डशीट अंथरून आम्ही ती पिशवी ठेवली. नाव-गाव दिसेल ते सगळे कागद उलटे केले, दुकानाचं नाव घडीत घेतलं. खाड्याचा कागद तेवढा सुलटा. फोटो तिला दाखवला, तिने मान हलवल्यावरच पानात घेतला. पिशवी आहे तेवढ्याच मापाची, खाली साध्या ठशात मथळा. त्याखाली एकच ओळ: ‘बीड जिल्हा, 2019. शासनाच्या समितीने पाहणी केलेल्या ऊसतोड महिला 82,309. गर्भाशय काढलेल्या 13,861.’ म्हणजे सहांत एक. आधी हे आकडे मी आतल्या चौकटीत, करड्या रंगात घातले होते.

संपादक पान बघून बराच वेळ गप्प होते. “फार कोरडं वाटतंय,” म्हणाले. मी म्हटलं, “त्यांना विचारा.” त्यांनी विचारलं नाही. मथळ्याचा ठसा मात्र एक पॉइंटने वाढवायला सांगितला, आणि तो सल्ला बरोबर होता. पानं गेली तेव्हा पावणेआठ झाले होते.

त्या दोघींची गाडी पाचची होती. निघताना तिने पिशवी परत मागितली. पुढच्या तपासणीला कागद लागतात, म्हणाली. टेबलावरच एकेक कागद मोजला. सात होते. खाड्याचा कागद सगळ्यांत आत ठेवला आणि तोंडाला पुन्हा गाठ मारली.