दादाचा दहावा वाढदिवस

दादाचा जन्म 29 फेब्रुवारी 1984चा. शतकाच्या वर्षाला 400ने भाग गेला तरच ते लीप वर्ष; 2000ला जातो, म्हणून त्या वर्षीही ही तारीख आली आणि त्याचा एकही वाढदिवस बुडाला नाही. 2024मध्ये चाळिशीला त्याचा खराखुरा दहावा वाढदिवस आला. त्यासाठी मला लीप इयर कॉकटेलच करायचं होतं. लंडनच्या सेव्हॉय हॉटेलात बारटेंडर हॅरी क्रॅडॉकने ते 29 फेब्रुवारी 1928च्या समारंभासाठी बनवलं होतं. या पेयाइतक्या लग्नाच्या मागण्या दुसऱ्या कुठल्याच कॉकटेलने घडवल्या नाहीत, अशी त्याची ख्याती. वहिनीला ते ऐकूनच आवडलं.

अडचण वाराची होती. 29 तारीख गुरुवारी, आणि गुरुवारी आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही. आईपासून लपवून काही करायचं नव्हतं, म्हणून सरळ विचारलं. ती म्हणाली, "तारीख रात्री बाराला बदलते रे, वार उजाडल्यावर बदलतो. तोवर बुधवारच." म्हणजे बारा वाजल्यापासून उजाडेपर्यंतचा वेळ आमचा!

माप असं: दोन तृतीयांश जिन, एक षष्ठांश ग्राँ मार्निए, एक षष्ठांश गोड व्हर्मूथ आणि लिंबाचा एक शिपका. मी 60, 15, 15 मिली धरलं. मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण घेतलं, त्यावर खुणा नीट असतात. जिन गंगापूर रोडवरच मिळाली, बाकी दोन बाटल्या मुंबईहून मागवल्या. ग्राँ मार्निए म्हणजे कोन्याक आणि कडू संत्र्याची लिकर. साधी संत्र्याची लिकर चालली असती, पण दहावा वाढदिवस चाळीस वर्षांनी आला होता. व्हर्मूथ मी कपाटात ठेवणार होतो. दिंडोरीकडच्या वायनरीत काम करणाऱ्या मित्राने अडवलं: "अरे, ती वाइनच आहे. फोडलीस की फ्रिजमध्ये ठेव."

आदल्या रविवारी एक करून पाहिलं आणि ते बिघडलं. मी लिंबू अर्धं पिळलं. मूळ कृतीतलं लेमन मोठं, पिवळं. आपलं कागदी लिंबू त्याहून झणझणीत आंबट. संत्रं, व्हर्मूथ सगळं त्याखाली दबलं. मग चमच्याने मोजत गेलो. पाव चमचा पुरतो, त्यापुढे एक थेंबही नको. हे कॉकटेल जमतं की फसतं ते इथेच ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

शेकर नव्हता. फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरपूर बर्फ घालून बाहेरून दव धरेपर्यंत हलवलं. गारठ्याने झाकण असं आवळलं की वहिनी म्हणाली, "भाऊजी, कोमट पाण्याचं फडकं गुंडाळा." लगेच सुटलं. गाळून, फ्रीझरमधल्या ग्लासांत ओतून वर लिंबाची साल पिळली. सालीतलं तेल पृष्ठभागावर पसरलं की वास आधी नाकात येतो, म्हणून ही पायरी गाळायची नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी आईने औक्षण केलं. मग आम्ही तिघं गच्चीवर गेलो. हवेत अजून गारवा होता. दादाने पहिला घोट बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाला, "कडू संत्रं लागतंय. आणखी एक होईल?"

उजाडायला पुष्कळ अवकाश होता.