जवळपास

'जवळपास.' दुपारच्या सुट्टीत लंडनच्या बनहिल फील्ड्स दफनभूमीत उभी होते, आणि विल्यम ब्लेकच्या जुन्या दगडावरचा हा एक शब्द मनातून जाईना. कवीचे अवशेष 'इथे जवळपास' आहेत म्हणे.

चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळे होऊन स्वतःची चॅपल, म्हणजे प्रार्थनाघरं, उभारणाऱ्यांची ही जागा. १८५४ मध्ये बंद होईपर्यंत लाखाहून जास्त माणसं इथे पुरली गेली. लेखक जॉन बनियन, 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणारा डॅनियल डीफो, आणि समोरच्या रस्त्यापलीकडे चॅपल बांधणाऱ्या, मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीची आई सुसॅनाही.

ब्लेक १८२७ साली गेला. सामायिक कबरीत पुरला. पण दफनाच्या वहीत कुणा कारकुनाने आकडे लिहून ठेवले होते: पूर्व-पश्चिम ७७, उत्तर-दक्षिण ३२. बस, एवढंच! त्या आकड्यांवरून चिकाटीच्या अभ्यासकांनी नेमकी जागा शोधली आणि २०१८ मध्ये तिथे नवा दगड बसला.

मी त्या दगडापाशीही बराच वेळ थांबले. कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. त्या कारकुनाचं अक्षर कसं असेल, हेच डोक्यात घोळत होतं.

त्याच खड्ड्यात आणखीही माणसं आहेत. त्यांच्यासाठी ती वही कोण उघडणार?