यरीहोच्या उतरणीवर

बायबलच्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही गीते यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची. आम्ही नेमके उलटे निघालो होतो, यरुशलेमकडून खाली यरीहोला. जैतुनाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर वर, तर यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला वाटसरू लुटारूंच्या हाती सापडला तो याच उतरणीवर. आता महामार्ग आहे, बस आहे. पण आमच्या फादरांचा हट्ट होता की वरचा थोडा भाग बसने गेल्यावर वादी केल्टच्या घळीतून पायीच उतरायचे आणि शेवटी सैतानाने येशूची परीक्षा घेतली असे मानतात त्या मोहाच्या डोंगरावर चढायचे. दिवस ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे होते, हिवाळ्यातला पाऊस सरला होता. तो वर डोंगरात कुठेही पडला तरी या घळीत अचानक लोंढा येतो, म्हणून तेव्हा इथे कुणी उतरत नाही.

निघण्यापूर्वी फादरांनी याकोबाच्या पत्रातल्या पहिल्या अध्यायातली दोन वचने वाचली, चौदावे आणि पंधरावे. माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, भुलतो. मग वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते. आणि पाप वाढून पुरे झाले की त्यातून मरण निपजते. "मठ येईपर्यंत कुणी बोलायचं नाही," ते म्हणाले, "आणि ही वाट कशी उतरते तेवढं बघत चला. पापही असंच उतरतं, कळत नाही."

ही उपमा फादरांना फार प्रिय आहे. मला ती अर्धीच पटते. उतारावर पाय आपोआप पुढे पडतात, शरीराचे वजनच ओढून नेते, त्यात माझ्या होकाराचा प्रश्न येत नाही. पापाचे तसे नसते. 'घसरलो' म्हणणे सोयीचे असते, कारण घसरणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. याकोबाने म्हणूनच घसरण्याची नव्हे, गर्भ राहण्याची आणि वाढण्याची भाषा वापरली असावी. वाढीला वेळ लागतो. त्या वेळात माणूस काय करत असतो, हा खरा प्रश्न.

दोन्ही बाजूंना पिवळट उघडे कडे, खाली पाण्याची बारीक धार, कड्याच्या अंगाने गेलेला पाट. हेरोदाच्या यरीहोतल्या महालांना पाणी याच घळीतून नेलेले होते. न बोलता चालताना माझ्या डोक्यात दावीद राजा घोळत होता, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय. राजे लढाईला निघतात तो हंगाम; राजा मात्र यरुशलेमेत राहिला. हे पाप नव्हे. संध्याकाळी उठून गच्चीवर फिरू लागला. तेही नव्हे. स्नान करणारी स्त्री दिसली. दिसणे कुणाच्या हातात असते? मग त्याने चौकशीला माणूस पाठवला, आणि उत्तर आले की ती उरीया हित्तीची बायको बथशेबा. मला हा अध्याय वाचताना दर वेळी इथेच थांबावेसे वाटते. नवऱ्याचे नाव कानावर पडले होते, आणि तो नवरा त्याच्याच सैन्यातला. माघारी फिरायला याहून स्पष्ट सूचना कोणती हवी? त्यानंतर दूत गेले, ती आली, तिला दिवस राहिले. पुढे उरीयाला रणातून बोलावून घरी धाडण्याची युक्ती झाली, ती फसल्यावर त्याला दारू पाजणे झाले, आणि शेवटी सेनापती यवाबाला पत्र, उरीयाला लढाईच्या तोंडावर उभा करून मागे हटा असे सांगणारे. ते पत्र उरीयानेच नेले. गच्चीवरच्या दावीदाला कुणी हे पत्र दाखवले असते तर तो संतापला असता. पुढच्याच अध्यायात नाथान संदेष्टा गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो तेव्हा तो संतापतोच, फक्त ती गोष्ट आपली आहे हे त्याला ओळखू येत नाही.

संत जॉर्जचा मठ कड्याला चिकटलेला दिसला आणि मौन सुटले. इथे पाचव्या शतकात संन्यासी राहू लागले. मठाच्या वाटेवर गाढववाले यात्रेकरूंना हाका मारत होते. आमच्या गटातल्या मावशींचे गुडघे बोलू लागले होते, त्यांनी सरळ गाढव केले. वर पोचल्यावर मात्र त्यांनी सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारला. "फादर, मनात नुसता वाईट विचार आला, तरी पाप लागतं का?"

"नाही, मावशी," फादर म्हणाले. त्यांनी सिनाय डोंगरावरचे सातव्या शतकातले मठाधिपती संत योहान क्लिमाकस यांचा दाखला दिला. वाळवंटातल्या त्या जुन्या संन्याशांनी मोहाच्या पायऱ्या फार बारकाईने वेगळ्या केल्या होत्या. आधी विचार नुसता येऊन टेकतो. त्यात दोष नाही. मग आपण त्याच्याशी बोलू लागतो. मग त्याला रुकार देतो. पुढे तो आपल्याला कैद करतो, आणि शेवटी मुरून स्वभाव होऊन बसतो. येशूचीही सर्व प्रकारे परीक्षा झाली, पण तो निष्पाप राहिला, असे इब्री लोकांस पत्रात चौथ्या अध्यायात आहेच. मोह येणेच पाप असते तर हे वाक्य लिहिता आले नसते.

मावशींचे समाधान झाले. माझे मन दुसऱ्या पायरीवर अडकले, बोलण्याच्या. एदेन बागेत हव्वा सापाशी चर्चा करते, देवाची आज्ञा त्याला समजावून सांगते, तीही थोडी वाढवून: 'खाऊ नका' एवढेच सांगितलेले, ती 'स्पर्शही करू नका' असे जोडते. ती सापाची बाजू घेत नाही, उलट देवाचीच घेते, तरी संभाषण चालू राहते. येशू रानात सैतानाला तीनदा उत्तर देतो, तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातले एखादे वचन, आणि विषय बंद. भूक लागली आहे की नाही, यावर तो वादच घालत नाही.

यरीहोत पोचलो तेव्हा ऊन कलले होते. जुन्या यरीहोचे टेकाड, तेल एस-सुलतान, २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. बघायला खणलेले खड्डे आणि मातीच्या भिंती, बाकी फार काही नाही. मला तिथे आखान आठवला, यरीहो पडल्यावर मनाई असताना लूट उचलणारा. यहोशवाच्या सातव्या अध्यायात तो पकडला गेल्यावर कबुली देतो: लुटीत शिनाराचा सुंदर झगा, दोनशे शेकेल रुपे आणि पन्नास शेकेलांची सोन्याची वीट पाहिली, लोभ धरला, घेतली, तंबूत पुरून ठेवली. पुरलेला झगा तो घालणार कधी होता? एवढा लोभ धरून घेतलेली वस्तू वापरताही येत नाही, ही त्या गोष्टीतली मला सर्वांत खरी वाटणारी बाब. लपवणे हे पापानंतरचे काम असे आपण धरतो. दावीदाच्या बाबतीत तर खून हाच लपवण्याचा भाग होता.

मोहाच्या डोंगरावर रज्जुमार्ग जातो. आम्ही पायऱ्या धरल्या. गुहांना टेकून बांधलेला आजचा ग्रीक मठ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. आत येशू बसला होता असा मानलेला दगड दाखवतात. तो तोच डोंगर का, यावर मी डोके शिणवले नाही. शुभवर्तमानांत डोंगराचे नावच नाही. लूक मात्र एक गोष्ट सांगतो जी मत्तय सांगत नाही: सैतान पुन्हा संधी मिळेपर्यंत येशूला सोडून गेला. पुढे मत्तयाच्याच सोळाव्या अध्यायात पेत्र प्रेमापोटी म्हणतो की प्रभू, दुःख आणि मरण तुझ्या वाट्याला न येवो, आणि त्याला उत्तर मिळते, "सैताना, माझ्यामागे हो." या वेळी मोह मित्राच्या तोंडून आला होता.

खाली गावात, येशूला पाहायला झाडावर चढलेल्या जक्कय जकातदाराचे म्हणून दाखवतात त्या उंबराशी बसची वाट पाहताना मावशींनी हिशेब काढला. जक्कय म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवून घेतले असेल ते चौपट परत करतो. जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा दिला की पुरे होते. "मग याने चौपट का? आणि आधी अर्धी वाटून टाकल्यावर चौपट द्यायला उरलं काय?" फादर म्हणाले, त्याने फारसे फसवलेच नसेल. "मुख्य जकातदार, फादर!" मावशी म्हणाल्या. बस येईपर्यंत दोघेही मागे हटले नाहीत.