नोबेल मिळून गेलं, मग उरलं काय?

‘नोबेल मिळून गेलं, मग त्यात संशोधन करायला उरलं काय?’ असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. ठाण्यातल्या कॉलेजांत बोलायला गेले की एम.एस्सी.ची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. झीग्लर-नाटा कॅटॅलिस्ट, म्हणजे इथिलीन-प्रॉपिलीनसारखे वायू लांब साखळ्यांत गुंफून प्लॅस्टिक बनवणारा उत्प्रेरक, १९५३-५४ सालचा, १९६३ मध्ये त्याला नोबेल मिळालं, बारावीच्या पुस्तकात तो दोन ओळींत आटोपतो. मग मॅडम, तुम्ही सगळी नोकरी त्याच्यावर संशोधन कसलं केलंत?

पुस्तकातल्या त्या ओळी मुलांना पाठ असतात: टायटॅनियम टेट्राक्लोराइड, ट्रायएथिल ॲल्युमिनियम, तापमान ३३३ ते ३४३ केल्विन, दाब ६-७ ॲटमॉस्फिअर, तयार झालं पॉलिथिलीन. त्यात चूक काही नाही. पण ज्या टायटॅनियमच्या अणूवर हे सगळं घडतं, त्याच्या भोवती नेमकं काय असतं ते आजही कुणी खात्रीने दाखवू शकत नाही. माझी नोकरी त्या अणूच्या शेजारपाजाऱ्यांवर गेली, आणि पुन्हा संधी मिळाली तर मी तेच काम मागून घेईन.

पीएचडीला मी झिर्कोनोसीनवर काम केलं, तोही अशाच साखळ्या बनवणारा कॅटॅलिस्ट. झिर्कोनियमचा एक अणू, त्याच्या वर-खाली कार्बनची दोन कडी. स्फटिक बनतो, एक्स-रेने रचना कळते, कोणता अणू कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. या संयुगांची कथा विलक्षण आहे. आमच्या क्षेत्रात पाणी म्हणजे शत्रू, कारण ट्रायएथिल ॲल्युमिनियमसारखं कोणतंही ॲल्युमिनियम अल्किल पाण्याशी भडकून प्रक्रिया करतं. पण हॅम्बुर्गमध्ये झिन आणि कामिन्स्की यांच्या प्रयोगशाळेत, १९७० च्या दशकात, ट्रायमिथिल ॲल्युमिनियममध्ये थोडं पाणी गेलं आणि मंद पडलेला कॅटॅलिस्ट एकदम धावू लागला. त्या पाण्यातून तयार झालेलं मिथिलॲल्युमिनॉक्झेन हाच त्याचा खरा जोडीदार ठरला. पाणी शिरलं म्हणून ती बाटली फेकून दिली असती, तर मेटॅलोसीनचं, म्हणजे झिर्कोनोसीनसारख्या दोन कड्यांमधल्या धातूच्या कॅटॅलिस्टांचं, युग किती लांबलं असतं कोण जाणे.

मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका संशोधन केंद्रात लागले. या पट्ट्याला आमच्या रसायनात मोठा मान आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस इथे नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे नाफ्था तोडून इथिलीनसारखे वायू बनवणारा कारखाना, आला आणि त्याच्या जोडीला पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा एचडी (हाय डेन्सिटी) पॉलिथिलीनचा प्लांट. त्याचं तंत्र जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचं, आणि हेक्स्टने ते झीग्लरकडून घेतलेलं. म्हणजे झीग्लरच्या म्युलहाइमच्या प्रयोगशाळेतलं रसायन जेमतेम पंधरा वर्षांत ठाण्याच्या खाडीकाठी पोचलं होतं. घणसोली-कोपरखैरणेच्या काचेच्या इमारतींत कामाला जाणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी दर भाषणात सांगते.

कारखान्याचा कॅटॅलिस्ट झिर्कोनोसीनसारखा देखणा नसतो. तो मॅग्नेशियम क्लोराइडच्या कणांवर बसवलेला टायटॅनियम असतो, पिवळसर पावडर. ट्रायएथिल ॲल्युमिनियम घातलं की तपकिरी होते. त्यातल्या टायटॅनियमचा थोडाच भाग काम करतो, बाकीचा नुसता बसून असतो, आणि काम करणारा कोणता हे वेगळं काढता येत नाही. डच रसायनशास्त्रज्ञ कोसे यांनी १९६४ मध्ये मांडलेलं चित्र आम्ही अजून वापरतो: टायटॅनियमला वाढती साखळी बांधलेली, शेजारची एक जागा रिकामी. प्रॉपिलीन (ज्याचं पॉलिप्रॉपिलीन बनतं) त्या जागी येतं, साखळी त्याच्यावर सरकते, आता दुसरी जागा रिकामी. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. दर वेळी प्रॉपिलीनचा मिथिल गट एकाच बाजूला आला तर पॉलिमर स्फटिकासारखा रचला जातो आणि १६० अंशांच्या पुढे वितळतो. तो कसाही आला तर चिकट, मेणासारखा लगदा. तुमच्या जेवणाच्या डब्यात उकळता रस्सा ओतता येतो तो या शिस्तीमुळे.

ही शिस्त लावतो कोण? डोनर. टायटॅनियमच्या जवळ मॅग्नेशियमला चिकटून बसलेला एक छोटा सेंद्रिय रेणू. बराच काळ हे काम डायआयसोब्युटिल थॅलेटकडे होतं. पण ट्रायएथिल ॲल्युमिनियम त्याला हळूहळू उपटून काढतं, म्हणून बाहेरून आणखी एक सिलेन (सिलिकॉनचा रेणू) घालावा लागतो, तो थॅलेटची रिकामी झालेली जागा भरतो. पुढे थॅलेटांवर आरोग्याच्या कारणाने निर्बंध आले आणि जगभर पर्याय शोधणं सुरू झालं: सक्सिनेट, १,३-डायइथर आणि असे कितीतरी. डायइथर मॅग्नेशियमला इतका घट्ट धरून बसतो की सिलेनशिवायही शिस्त टिकते. मात्र हायड्रोजनला तो फार चटकन प्रतिसाद देतो. साखळीची लांबी आम्ही हायड्रोजनने ठरवतो (हायड्रोजन जास्त, तर साखळी आखूड), त्यामुळे सिमेंटच्या गोणीच्या रॅफियासाठी, म्हणजे विणायच्या पट्ट्यांसाठी, लागते तशी लांब साखळी हवी असेल तर हात फार जपून चालवावा लागतो. एक रेणू बदलला की शिस्त, लांबी, वेग, पावडरचा आकार, सगळंच हलतं. माझी बरीच वर्षं या एका ओळीत मावतात, आणि ती मला मुळीच कमी वाटत नाहीत.

पावडरच्या आकाराबद्दल थांबून सांगायला हवं, कारण ते पुस्तकात नसतं. कॅटॅलिस्टचा कण जसा असतो तसाच पॉलिमरचा कण बनतो, फक्त मोठा. एक ग्रॅम कॅटॅलिस्टने तीस किलो पॉलिमर दिला तर वस्तुमान तीस हजारपट, म्हणजे व्यास साधारण तीसपट. चाळीस मायक्रॉनच्या गोल कणातून मिलिमीटरभराचा गोल कण. मूळ कणच फुटका असेल तर रिॲक्टरमध्ये बारीक भुकटी होते, फिल्टर तुंबतात, भिंतीला थर धरतो. पायलट प्लांटवरचे आमचे जुने ऑपरेटर पावडर तळहातावर घेऊन, बोटाने पसरवून सांगायचे की ही बॅच चालणार नाही. साइझ ॲनालायझरचा आलेख नंतर यायचा आणि बहुधा तेच म्हणायचा. मी त्यांच्याकडून जे शिकले ते कोणत्याही शोधनिबंधात वाचलं नाही.

आणि आपला पाऊस! जून ते सप्टेंबर नवी मुंबईच्या हवेत जेवढा ओलावा असतो, तेवढ्यात टायटॅनियम टेट्राक्लोराइडची बाटली क्षणभर उघडली तरी पांढरा धूर निघतो, आणि ट्रायएथिल ॲल्युमिनियम तर हवा लागताच पेटतं. सगळं नायट्रोजनखाली, श्लेंक लाइनवर (हवा न लागू देता काम करायच्या काचेच्या नळ्यांच्या मांडणीवर) किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये. हेक्झेन या द्रावकात लाखात दोन-तीन भाग पाणी उरलं तरी कॅटॅलिस्टचा वेग पडतो. पावसाळ्यात केलेला प्रयोग कोरड्या दिवसांत पुन्हा करून जुळला, तरच मी आकडा खरा मानायची. नव्या मुलांना हा नियम जाचक वाटे, पण मी तो कधी सैल केला नाही.

याचा उपयोग काय, असंही कुणी विचारतं. २०२० मध्ये एन-९५ मास्कचा मधला थर सगळ्यांना हवा होता. तो पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा असतो आणि त्यासाठी वितळल्यावर पाण्यासारखी वाहणारी, आखूड साखळी लागते. नेहमीच्या कॅटॅलिस्टने ती सहज मिळत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी पेरॉक्साइडने साखळ्या तोडून ती बनवतात. दवाखान्यात, रेल्वेत, किराणा दुकानाच्या रांगेत लोकांच्या तोंडावर मी तो थर पाहत होते, आणि या रसायनाचा मला इतका अभिमान पूर्वी कधीच वाटला नव्हता.

कचऱ्याचा प्रश्नही मी टाळणार नाही. शीळफाट्याच्या भंगार गोदामांत पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एचडी पॉलिथिलीन वेगळं करायला माणसं बसतात, कारण दोन्ही पाण्यावर तरंगतात आणि एकत्र वितळवले तर एकमेकांत मिसळत नाहीत. अशा मिश्र दाण्याची वस्तू वाकवली की तुटते, म्हणून त्याला भाव मिळत नाही. २०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी हाफ्नियमच्या कॅटॅलिस्टने एक साखळी बनवली, तिचे तुकडे आळीपाळीने पॉलिथिलीनचे आणि पॉलिप्रॉपिलीनचे. ती शेकडा एखादा भाग घातली तरी ठिसूळ मिश्रण चिवट झालं. कचरा कमी करणं, गोळा करणं हे तर करायलाच हवं, पण हे काम रसायनाचंच आहे आणि आमच्याशिवाय दुसरं कुणी ते करणार नाही.

अडचण अशी, की त्या पद्धतीत हाफ्नियमचा एक अणू एकच साखळी बनवतो, आणि हाफ्नियम महाग. आमचा मॅग्नेशियम क्लोराइडवरचा टायटॅनियम हजारो साखळ्या बनवतो, पण एक साखळी त्याच्याजवळ फार वेळ थांबत नाही, त्यामुळे तिच्यात असे आळीपाळीचे तुकडे गुंफता येत नाहीत. भंगारवाल्याला परवडेल इतक्या स्वस्तात ती साखळी बनवायची, तर त्या टायटॅनियमच्या शेजारी कोणता रेणू बसवावा? एम.एस्सी.ला बसलेल्या मुलांनो, उरलंय ते हे. अकार्बनी रसायनाची पुस्तकं नीट वाचा, श्लेंक लाइनवर हात बसवा आणि या.